दोन चंद्रांचा तांडेल

आमच्या मंडळात नवीन माणूस आला की त्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. आधी सगळ्यांसमोर उभं राहून नाव, गाव, धंदा आणि आभाळात काय बघायला आवडतं ते सांगायचं. मग आम्ही लावून ठेवलेल्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि काय दिसतं ते मोठ्याने बोलायचं. पहिली गोष्ट रीत म्हणून चालते. दुसरी निव्वळ चावटपणा आहे, तो माझ्या डोक्यातून निघाला आहे, आणि सगळं होऊन गेल्यावरही मला त्याचा थोडा अभिमान आहेच.

मी मुन्सिफ. स्फाक्स शहरात जुन्या कोटाच्या दरवाजापाशी माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून 'आता दिसतंय का' विचारायचं, हा माझा धंदा. संध्याकाळी गच्चीवर तेच फुकट विचारायचं, हा माझा छंद. स्फाक्सचा माणूस काही फुकट करतो यावर आमच्या देशात कोणी विश्वास ठेवत नाही, बायकोसुद्धा नाही.

चावटपणा असा. शुक्राला चंद्रासारख्याच कला असतात. साध्या डोळ्यांना तो नुसता लखलखता ठिपका, पण दुर्बिणीतून कधी अर्धा दिसतो, तर कधी नखाएवढी बारीक कोर. तो असा कोरीएवढा झाला की आम्ही परिचयाची सभा ठेवतो, तीसुद्धा ऊन असताना, म्हणजे वर निळ्याशिवाय काही दिसत नाही. नळी शुक्रावर लावायची आणि नवख्याला काही सांगायचं नाही. तो डोळा लावतो आणि म्हणतो, चंद्र. आम्ही विचारतो, नक्की? तो अल्लाची शपथ घेतो, वल्ला, चंद्रच, मी काय आंधळा आहे? मग त्याला म्हणायचं, बाबा रे, चंद्र तर केव्हाच मावळला, मग हा कोणाचा? त्याचा चेहरा पाहून सगळे हसतात, टाळ्या वाजतात आणि माणूस मंडळाचा होतो. तोवर यातून एकही सुटला नव्हता.

रमजान आठवड्यावर आला होता तेव्हाची ही सभा. आम्ही नेहमीप्रमाणे सांस्कृतिक केंद्राच्या गच्चीवर जमलो होतो. अध्यक्ष सी शादली आधी उभे राहिले ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'). ते भूगोलाचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू येत नाही. त्यांना शनीची कडी आवडतात, आणि का आवडतात हे आम्हाला पाठ आहे. मग हातिम उठला. तो दक्षिणेच्या रस्त्यावर मालट्रक चालवतो आणि वाळवंटात गाडीच्या टपावर झोपतो. तो म्हणाला, "मला काही एक आवडत नाही. सगळं आवडतं. तिकडे एवढे तारे असतात की झोप लागत नाही, म्हणून मग बघतो." लल्ला नजीहा, म्हणजे नजीहाबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांना जोडतारे आवडतात, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारे पण दुर्बिणीत दोन निघणारे. नवरा गेल्यापासून जोडीने राहणारं काहीतरी बघावंसं वाटतं, असं त्या दर सभेत सांगतात आणि दर सभेत स्वतःच हसतात.

त्या दिवशी नवीन माणसं दोनच. एक दंतवैद्य होता. आपल्याला कृष्णविवरांत रस आहे, असं त्याने फार आत्मविश्वासाने सांगितलं. त्याने नळीला डोळा लावला, चंद्र म्हणाला, शपथ घेतली, फसला आणि हसत उठला.

दुसरी होती वसीला. पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्याला करडा रुमाल, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. ती म्हणाली, "मी वसीला. मूळची करकना बेटांवरची. इथे बालवाडीत शिकवते. मला आभाळ बघण्याचा छंद नाही. मला एक विचारायचंय, पण नंतर विचारीन." छंद नसलेलं माणूस आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. सी शादली म्हणाले की हरकत नाही, आधी बघा तरी. मी तिला स्टुलावर बसवलं आणि भिंग तिच्या डोळ्याला जमवून दिलं.

ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी विचारलं, काय दिसतंय? मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मान वर केली. चेहरा असा की माझ्या ओठांवर आलेलं हसू मी गिळलं.

"हे मी पाहिलंय," ती म्हणाली. "हेच. एवढंच. हा चंद्र नाहीये, हो ना?"

आजवर कोणी न दिलेलं उत्तर तिने दिलं होतं आणि टाळी मात्र कोणाची वाजेना. सी शादलींनी सांगितलं की हा शुक्र आहे, त्यालाही कला असतात. हसून असंही म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, इथे सगळेच चंद्र म्हणतात.

"सगळे?" वसीलाने विचारलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

सी शादली म्हणाले, मीसुद्धा. तेवढ्याने तिचं भागलं नाही. ती एकेकाकडे वळली. तुम्ही काय म्हणाला होता पहिल्या दिवशी? आणि तुम्ही? हातिम म्हणाला, चंद्र. नजीहाबाई म्हणाल्या, चंद्र, वर शपथही घेतली होती. दंतवैद्याला विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मंडळाच्या स्थापनेपासूनचा माणूस, पण एकदा एका दुकानाच्या दारात दुर्बीण पारखताना याच शुक्राने मला असंच फसवलं होतं, त्यावरूनच तर हा चावटपणा सुचला. मी म्हणालो, चंद्र. तेव्हा ती रडायला लागली. नजीहाबाईंनी तिला पाणी दिलं आणि आम्ही पुरुष आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिलो.

मग तिने जे सांगितलं ते असं. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथे माझी गिऱ्हाइकं आहेत. तिचे वडील जिलानी, नावेचे तांडेल. नजर अशी की पाण्याच्या तळाशी ऑक्टोपसचं बीळ वरून ओळखायचे. त्यामुळे ईदचा चंद्र बघायचं काम गावाने आपसूक त्यांच्यावर सोडलेलं. ते म्हणाले दिसला, की इमाम म्हणायचे ईद.

वसीला दहा वर्षांची असतानाचा रमजान. शेवटची संध्याकाळ असावी असं सगळ्यांना वाटत होतं. दुपारपासून दक्षिणेचा वारा सुटला होता, आभाळ धुळीने भरलेलं, विजेच्या तारा तुटून गाव अंधारात, रेडिओ गप्प. वडील खाली हातपाय धूत होते. ही त्यांची जुनी पितळी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेली, कारण चंद्राची बातमी आधी देणाऱ्याला घरोघरी गोड मिळायचं. पश्चिमेला धुळीत एक फट पडली होती. तिने नळी तिकडे फिरवली आणि फटीत तिला बारीक, स्वच्छ कोर दिसली. ती ओरडली. वडील धावत वर आले तोवर फट मिटली होती. ते बराच वेळ नळी लावून उभे राहिले, पण धुळीशिवाय काही दिसेना. त्यांनी एकच विचारलं, नक्की पाहिलास? ती म्हणाली, वल्ला, पाहिला.

वडील इमामाकडे गेले. लहान मुलीची साक्ष कोण धरणार? म्हणून ते म्हणाले, मी पाहिला, माझ्या डोळ्यांनी पाहिला. अल्लाची शपथ घेऊन म्हणाले. दारातून ही ऐकत होती.

गावाने सकाळी ईद केली. नवे कपडे, गोडधोड, गळाभेटी. दुपारी स्फाक्सहून नाव आली, तिच्यावरची माणसं तोंडं सुकवून उतरली आणि यांचे भरलेले गाल बघतच राहिली. सगळ्या देशाचा रोजा होता. कोणी मारलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत, सगळ्या गावाला एक रोजा फेडून द्यावा लागला एवढंच. पण त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेजारचा बूबकर म्हणाला की जिलानीच्या आभाळात दोन चंद्र असतात, एक आपला आणि एक त्याचा घरचा. झालं. मारलेलं विसरतं माणूस, पण चिकटलेलं नाव जात नाही. वडील 'दोन चंद्रांचा तांडेल' झाले आणि ही शाळेत नुसती 'दोन चंद्र'. वडिलांनी ती पितळी दुर्बीण समुद्रात टाकली. चंद्र बघायचं सोडलं. मशिदीत जाता-येता मान खाली. आणि त्या दिवसाबद्दल ते तिच्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," वसीला म्हणाली. "माझ्यासाठी ते खोटे ठरले. मी त्यांना विचारलंच नाही कधी, की मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटतं का. आता तर मलाच वाटायला लागलं होतं. म्हटलं, बोललेही असेन खाऊसाठी. म्हणून इथे विचारायला आले, की अमावस्येला चंद्र दिसू शकतो का."

चंद्र दिसू शकत नाही. पण घरी जाऊन मी संगणकावर त्या साली, त्या रमजानच्या शेवटाला आभाळ मागे फिरवलं. चंद्र कुठेच नव्हता, आणि शुक्र पश्चिमेला होता, आत्तासारखाच कोरीएवढा. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मला कळलं, पण त्यांना मी सांगून पटणार नाही. फोनवर आभाळाचं नाव काढलं की ते मासळीचा विषय काढतात.

तिकडे आमच्यात वाद पेटला. मी म्हणालो, दुर्बीण बेटावर नेऊ. सी शादली म्हणाले, मोठी दुर्बीण नावेवर चढवायची? खारी हवा तिच्या आतल्या आरशाला लागली तर? मी त्यांना विचारलं की आरसा जपून ठेवून कोणाच्या लग्नात आहेर करायचा आहे. ते चिडले. नजीहाबाई फारशा बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "शुक्र महिन्याभरात सूर्याकडे जाऊन बुडेल. संध्याकाळी परत अशी कोर दिसायला दीडएक वर्ष. म्हातारा काय तुमचं वेळापत्रक बघून थांबणारे?" हातिमने गाडीच्या किल्ल्या खिशातून काढल्या आणि प्रश्न मिटला.

रमजान लागल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही दुपारच्या फेरीने निघालो. मी, हातिम, नजीहाबाई, वसीला आणि घोंगडीत गुंडाळलेली दुर्बीण. सी शादली आले नाहीत, पण त्यांनी आरशासाठी स्वतःची लोकरीची टोपी पाठवली. नावेवर सगळ्यांचे रोजे, त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वसीला कठड्याला धरून उभी होती. ती मला म्हणाली की त्यांनी बघायला नकार दिला तर जबरदस्ती करू नका. मी हो म्हटलं. मी हो फार चटकन म्हणतो.

जिलानीबाबा अंगणात बसून जाळ्याची गाठ मारत होते. हाडं मोठी, अंग वाळलेलं, भुवया पांढऱ्या. उठून त्यांनी आमचं स्वागत केलं, सगळ्यांना नावं विचारली, रोजा सोडायला इथेच थांबायचं असं बजावलं. वसीलाच्या डोक्यावर हात ठेवला. हातिमने घोंगडी सोडली तशी त्यांची नजर नळीवर गेली आणि लगेच जाळ्यावर परतली.

वसीला त्यांच्याजवळ उकिडवी बसली. म्हणाली, बाबा, ही माणसं तुम्हाला काही दाखवायला एवढ्या लांब आली आहेत. ते म्हणाले की लांबून आली म्हणून तर जेवायला ठेवून घेतोय. मी माझं नाव पुन्हा सांगितलं, धंदा सांगितला, मंडळाबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुन्सिफ, बाळा," ते म्हणाले, "मला मासळीचं विचार, वाऱ्याचं विचार. वरचं विचारू नकोस. वर बघायचं मी सोडलंय."

आता काय करणार? वसीलाने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी दुर्बिणीपाशी जाऊन उगाच स्क्रू पिळत बसलो. सूर्य पाण्याला टेकत आला होता. शुक्र मी आधीच नळीत धरून ठेवला होता, सवयीने. मनात आलं, एवढं सामान उचलून आणलं ते मासळी खाऊन परत न्यायला. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

तेवढ्यात कुंपणाच्या झावळ्या बाजूला सारून एक गोल म्हातारा आत आला, हातात झाकलेला वाडगा. शेजाऱ्याकडे रोजा सोडायला काहीतरी पाठवायची रीत असते, हा स्वतःच घेऊन आला होता. दुर्बीण बघून जागीच थांबला.

"वा रे वा जिलानी," तो म्हणाला. "घरात दोन चंद्र होतेच, आता रोजा सुटला म्हणून उडवायची तोफपण आणलीस?"

हा बूबकर, हे कोणी सांगायला नको होतं. बोलण्यात विष नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. इतकी वर्षं रोज म्हटलेलं वाक्य, त्याला स्वतःला ते ऐकूसुद्धा येत नसावं. पण जिलानीबाबांचा हात जाळ्यावर थांबला आणि वसीला लहान मुलीसारखी खाली बघायला लागली. माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मला माझा चावटपणा आठवतो.

मी म्हणालो, "या चाचा, तोफेत डोकावा. काय दिसतं ते सांगा."

बूबकरने वाडगा नजीहाबाईंच्या हाती दिला, बाह्या सावरल्या, वाकला आणि डोळा लावला. मी विचारलं, काय दिसतंय?

"काय दिसणार? चंद्र."

"नक्की?"

"अरे नक्की म्हणजे काय? बारीक कोर आहे. हे दाखवायला एवढी नळी आणलीत? मला अंगणातूनही दिसतो."

"घ्या शपथ."

"वल्ला," बूबकर नळीला डोळा लावलेल्याच अवस्थेत म्हणाला, "माझ्या डोळ्यांनी चंद्र पाहतोय."

हे शब्द ऐकून जिलानीबाबांनी मान वर केली. मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी आधी बूबकरकडे पाहिलं, मग नळीकडे, मग नळीच्या तोंडाची दिशा धरून वर. आयुष्यभर सुकाणू धरलेला माणूस, नळी कुठल्या रोखाने आहे हे त्याला सांगावं लागत नाही. मग त्यांची नजर डावीकडे सरकली. तिथे, चांगलं हातभर अंतर सोडून, रमजानचा चंद्र उभा होता. फिकट, पण स्पष्ट.

"बूबकर," ते म्हणाले, "डोळा काढू नकोस. चंद्र दिसतोय ना?"

"दिसतोय म्हणतोय ना."

"आता डोळा काढ आणि डावीकडे बघ."

बूबकरने बघितलं. चंद्र बघितला. मग नळी कुठे रोखली आहे ते बघितलं. परत वाकला, परत उठला. नळीवर हात ठेवून तिच्या लांबीच्या रोखाने वर डोळे बारीक करून बघितलं. तिथे आता एक लखलखता ठिपका उजळायला लागला होता.

"मग हा कोण?" तो शेवटी म्हणाला.

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, शादलीसारखं नाही. संध्याकाळचा जो तारा तुम्ही रोज बघता, तोच. नळीतून तो असा दिसतो. ज्याने आधी कधी पाहिला नाही तो चंद्रच म्हणतो, मी म्हणालो, यांनी म्हटलं, त्यांनीही. आणि ज्या संध्याकाळी या बाईने गच्चीवरून पाहिला त्या संध्याकाळी तो तिथेच होता, अगदी असाच, हे मी तपासून आलो आहे.

मग जिलानीबाबा उठले. जाळं बाजूला ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि येऊन स्टुलावर बसले. मी भिंग फिरवायला लागलो तर त्यांनी माझा हात दूर केला आणि स्वतः जमवलं. ते बघत राहिले. पृथ्वी फिरते म्हणून शुक्र नळीतून सरकत जातो, नळी मधून मधून पुढे ढकलावी लागते. ते मी त्यांना शिकवलं नाही. त्यांनी दोन बोटांनी ती आपणच ढकलली.

"वसीला," त्यांनी डोळा न काढता हाक मारली. ती जवळ गेली.

"हाच होता?"

"हाच, बाबा."

"तुला काय वाटत होतं, मी कोणावर रागावलोय?"

तिचा हनुवटीपाशी धरलेला रुमाल ओला झाला होता.

"तू खोटं बोललीस असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही," जिलानीबाबा म्हणाले. "तू पाहिलंस ते सांगितलंस. मी न पाहिलेलं सांगितलं. अल्लाचं नाव घेऊन सांगितलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. मान खाली होती ती त्याच्यासाठी, पोरी. तुझ्यामुळे नाही. तुला कसं सांगायचं तेच समजलं नाही मला. बाप खोटी शपथ घेतो हे कसं सांगायचं?"

वसीलाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी डोळा नळीवरच ठेवला, पण एक हात मागे नेऊन तिचा चेहरा चाचपला, आंधळी माणसं चाचपतात तसा. मला हे बघवेना. मी हातिमकडे वळलो तर तो ट्रकवाला आडदांड माणूस झावळ्यांकडे तोंड करून उभा होता.

बूबकर इकडून तिकडे पाय बदलत होता. मग खाकरून म्हणाला, "जिलानी, मशिदीत सांगावं लागेल आता."

"काय सांगणार?"

"की दोन होते. खरंच दोन होते." आणि थोडं थांबून, "आणि मलापण दिसला म्हणून सांगतो. शपथ घेतलीच आहे."

जिलानीबाबांचे खांदे हलले. हसले ते. वसीलाने मला नंतर सांगितलं की घरात त्यांना असं हसताना तिने शेवटचं बालपणी ऐकलं होतं.

मशिदीतून मगरिबची, सूर्य मावळल्याची बांग आली. नजीहाबाईंनी खजुराची थाळी फिरवली, बूबकरने वाडग्यावरचं झाकण काढलं, हातिम आधी घटाघटा पाणी प्यायला. रोजा सोडायला उशीर करू नये असं आमच्यात मानतात, आणि तांडेल तर स्टुलावरून उठायलाच तयार नाहीत. वसीला एक खजूर घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, बांग झाली. रोजा सोडा."

"थांब जरा," ते म्हणाले आणि दोन बोटांनी नळी पुढे ढकलली. "त्या दिवशीची साक्ष पुरी होऊ दे."

ती खजूर हातात धरून उभी राहिली.